फोन चोरीला गेल्यावर: आधी कुलूप, मग सिम, मग पोलीस

गेल्या पावसाळ्यात दादरहून डोंबिवलीला येताना माझा फोन गेला. कुणी हिसकावला नाही, की रुळाच्या कडेला उभं राहून हातावर फटका मारला नाही. ठाण्याला नेहमीची झुंबड उतरली, गाडी सुटली आणि कानातलं गाणं तुटायला लागलं. आधी वाटलं, इअरफोनची बॅटरी संपली असेल. गाणं पूर्ण बंद पडलं तेव्हा खिशावर हात गेला. फोन ठाण्याच्या फलाटावर कुणाच्या तरी खिशात होता आणि मी कळव्याच्या दिशेने चाललो होतो.

पुढच्या दोन तासांत जे जे करायला हवं ते मी सगळं केलं, फक्त उलट्या क्रमाने. घाबरून सगळ्यात आधी सिम बंद करायला लावलं. त्यामुळे फोनचं नेट गेलं आणि फोनला दुरून कुलूप घालायची आज्ञा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. वर ओटीपी यायची वाटही बंद झाली. नंतर तीन दिवस प्रत्येक ठिकाणी तोच ओटीपी मागितला गेला. म्हणून हा लेख. सगळी कामं तुम्हाला ऐकून माहीत असतील. घोळ होतो तो क्रमाचा.

हाताशी काय लागेल

हे सगळं पहिल्या तासात लागत नाही, पण घरी कुणाला तरी फोन करून काढून ठेवायला सांगा:

- फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख. हा १५ आकडी असतो आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. खोक्यावर चिकटवलेला असतो, बिलावरही बहुधा असतो.
- खरेदीचं बिल. ऑनलाइन घेतला असेल तर ईमेलमध्ये सापडतं.
- आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र. मूळ आणि झेरॉक्स दोन्ही.
- बँकेच्या कस्टमर केअरचा नंबर. कार्डाच्या मागे असतो, पासबुकावरही असतो.
- कुणाचा तरी चालू फोन, आणि घरी लॅपटॉप असेल तर तो.

खोकं रद्दीत गेलं असेल तरी घाबरू नका. आयफोनवाल्यांना ॲपलच्या खात्यात आपल्या उपकरणांच्या यादीत आयएमईआय दिसतो. अँड्रॉइडवाल्यांना गूगलच्या ‘फाइंड हब’मध्ये फोनच्या नावाशेजारच्या माहितीच्या खुणेवर तो मिळतो.

१. शेजाऱ्याचा फोन मागा आणि कुलूप घाला

लाजू नका. लोकलमध्ये एरवी चौथ्या सीटवरून भांडणारी माणसं अशा वेळी पटकन फोन काढून देतात. आधी स्वतःच्या नंबरवर एक रिंग द्या. फोन घरी किंवा ऑफिसच्या टेबलावर राहिला नाही ना, याची खात्री होते. दोन वेळा लावा, उचलला नाही किंवा कापला की पुढे चला. तासभर रिंग देत बसण्यात अर्थ नाही.

आता कुलूप. अँड्रॉइड असेल तर गूगलचं ‘फाइंड हब’ (२०२५ पर्यंत याचंच नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं), आयफोन असेल तर ‘फाइंड माय’. दुसऱ्याच्या फोनवर उघडताना ब्राउझरची खासगी टॅब वापरा आणि काम झाल्यावर ती बंद करा, नाहीतर तुमचं खातं त्या भल्या माणसाच्या फोनमध्ये राहील.

इथे पहिला खड्डा आहे. पासवर्ड बरोबर टाकला तरी गूगल म्हणतं, तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे ‘होय’ दाबा. कुठला फोन? चोरीला गेलेला! मी त्या पडद्याकडे बघतच बसलो. यातून सुटका बहुधा दोन प्रकारे होते: आधी काढून ठेवलेले बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना खात्यात शिरायला गूगल देतं ते आकडे), नाहीतर जिथे तुमचं खातं आधीपासून उघडं आहे असं दुसरं यंत्र. मला तोंडपाठ असलेला एकच नंबर म्हणजे आईचा. तिला फोन केला, तिने बायकोला फोन दिला, बायकोने लॅपटॉप उघडला. तुम्हीही घरी कुणी असेल तर हे काम त्यांच्याकडून करून घ्या, गाडीत धडपडू नका.

अँड्रॉइडमध्ये ‘रिमोट लॉक’ नावाची आणखी एक सोय आहे. अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पत्त्यावर फक्त आपला फोन नंबर टाकून पडदा बंद करता येतो, पासवर्ड लागत नाही. पण ती सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवलेली हवी आणि फोन नेटवर हवा.

आयफोनला ‘फाइंड माय’मधून ‘लॉस्ट मोड’ लावा, म्हणजे तो दुरून कुलूपबंद होतो. मात्र फोन आपल्या खात्यातून काढून टाकू नका. बरेच जण सुरक्षित वाटतं म्हणून ‘रिमूव्ह’ दाबतात आणि तिथेच चोराचं काम सोपं होतं, कारण खात्याचं कुलूप निघून जातं आणि फोन नव्यासारखा विकता येतो.

फोन दुरून पुसायचा की नाही? माझं मत: पैशाची आणि फोटोंची भीती असेल तर पुसा. अँड्रॉइड फोन पुसला की नकाशावर दिसायचा बंद होतो, पण नकाशावरच्या ठिपक्यामागे धावून तुम्ही करणार तरी काय? अनोळखी वस्तीत एकट्याने ठिपका शोधत जाऊ नका. तो ठिपका पोलिसांना दाखवा.

२. मग सिम बंद

कुलूप घालण्यासाठी पाच-दहा मिनिटं द्या. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर तिथे अडून न राहता सिम कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा आणि दोन्ही सिम बंद करायला सांगा. दुसरं सिम कमी वापरातलं असतं म्हणून लोक ते विसरतात. जुन्या बँक खात्याला नेमका तोच नंबर जोडलेला निघतो.

सिमची एवढी घाई कशासाठी? फोनला पिन असेल, बोटाचा ठसा असेल. सिमला काहीच नसतं. चोर ते टाचणीने काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम असेल तर हा धोका जवळजवळ नाही.

३. बँक

फोन लावल्यावर ‘फोन चोरीला गेला’ एवढंच सांगून थांबू नका. नेमकं सांगा: यूपीआय बंद करा, मोबाइल बँकिंग बंद करा, कार्ड सोबत गेलं असेल तर कार्ड ब्लॉक करा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि वेळेसकट लिहून ठेवा. ही वेळ महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचं नुकसान बँकेने सोसायचं. म्हणजे तुम्ही कधी कळवलं हाच वादाचा मुद्दा ठरतो.

‘पण यूपीआयला तर पिन असतो,’ असं मलाही वाटत होतं. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, यूपीआय लाइटला, म्हणजे छोट्या खर्चासाठी ॲपमध्ये आधीच भरून ठेवलेल्या पैशांना, पिन लागत नाही. एका वेळी १००० रुपयांपर्यंत आणि एकूण शिल्लक ५००० पर्यंत. फोन उघडा असताना हिसकावला तर ते पैसे गेले असंच समजा. दोन, यूपीआय पिन नव्याने बसवायला बऱ्याच बँकांत डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी एवढंच पुरतं. आता तुमच्या फोनचं फ्लिप कव्हर आठवा. माझ्या कव्हरच्या खिशात एका बाजूला रेल्वेचा पास होता आणि दुसऱ्या बाजूला डेबिट कार्ड. म्हणजे किल्ली कुलपालाच बांधून ठेवली होती. नशिबाने चोराला फोनच विकायचा होता, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

पैसे गेलेच असतील तर बँकेसोबत लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लावा. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर येतात.

४. पोलिसांत तक्रार, आणि एका शब्दाची काळजी

कुठे जायचं? रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात गेला तर त्या हद्दीचं पोलीस ठाणं. लोकलमध्ये, फलाटावर किंवा लांबच्या गाडीत गेला तर लोहमार्ग पोलीस, म्हणजे ज्याला आपण जीआरपी म्हणतो. आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा जवान समोर दिसतो म्हणून लोक त्याच्याकडे जातात, पण गुन्हा नोंदवायचा तो जीआरपीत.

‘आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. चालत्या गाडीत गेलेला फोन नेमका कुठल्या हद्दीत गेला हे कोण सांगणार? मलाही एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कुठल्याही ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. शांतपणे, आवाज न चढवता ‘साहेब, झिरोने घ्या’ म्हणा. ठाणे अंमलदाराशी कायद्यावरून वाद घालण्यापेक्षा हे तीन शब्द जास्त कामाला येतात.

आता तो शब्द. तुम्हाला सुचवलं जाईल की ‘चोरी नको, गहाळ लिहा, लगेच दाखला मिळेल.’ खरंच लगेच मिळतो. हरवल्याची नोंद तर पोलिसांच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येते. फोन रिक्षात विसरला असेल तर तेवढं पुरे. पण चोरीला गेला असेल तर चोरीच लिहा. विमा असेल तर विमा कंपनी चोरीचा एफआयआर मागते, मिसिंगचा दाखला नाही. आणि उद्या तुमच्या नंबरावरून काही उद्योग झाले तर ‘गहाळ’पेक्षा ‘चोरी’ हा शब्द तुमच्या बाजूने उभा राहतो. भारतीय न्याय संहितेत चोरीला कलम ३०३ आहे आणि हिसकावून नेण्याला वेगळं कलम ३०४.

अर्ज घरून लिहून न्या. त्यात एवढं हवं: तारीख, कुठून कुठे प्रवास, फोन शेवटचा केव्हा पाहिला, गेल्याचं केव्हा कळलं, कंपनी, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय, दोन्ही मोबाइल नंबर, अंदाजे किंमत. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. एफआयआर झाला तर त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

५. त्याच नंबरचं नवं सिम

कंपनीच्या अधिकृत दुकानात आधार घेऊन जा. काम अर्ध्या तासाचं आहे, पण दोन अडचणी येतात.

पहिली, सिम कुणाच्या नावावर आहे? आमच्याकडे निम्म्या घरांत पोरांचे नंबर वडिलांच्या नावावर असतात, कारण ते घेतले तेव्हा पोरं शाळेत होती. मग वडिलांनाच दुकानात यावं लागतं. वडील गावी असतील तर पंचाईत.

दुसरी, नवं सिम सुरू झालं तरी सुरुवातीचे २४ तास एसएमएस येत नाहीत. सिमची अदलाबदल करून होणाऱ्या फसवणुकीला आळा घालायला ही सोय केलेली आहे, दुकानदाराची चूक नाही. मी मात्र दुकानात दोनदा जाऊन भांडून आलो. कॉल येतात म्हणजे सिम ठीक आहे. ओटीपीसाठी एक दिवस थांबा. त्यामुळेच नवं सिम ‘उद्या बघू’ म्हणू नका. जितक्या लवकर घ्याल तितक्या लवकर ते २४ तास सुरू होतील.

६. संचार साथीवर फोन ब्लॉक करा

दूरसंचार विभागाची सीईआयआर नावाची यंत्रणा आहे. देशातल्या सगळ्या मोबाइल कंपन्यांना जोडलेली आयएमईआयची नोंदवहीच म्हणा. तिची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी झाली. मे २०२३ पासून ती ‘संचार साथी’ पोर्टलवर साऱ्या देशाला खुली आहे. आता त्याचं ॲपही आहे.

पोर्टलवर ‘हरवलेला किंवा चोरीला गेलेला मोबाइल ब्लॉक करा’ असा पर्याय निवडा. अर्जात मोबाइल नंबर, आयएमईआय, कंपनी-मॉडेल, घटनेची जागा आणि तारीख, पोलीस ठाण्याचं नाव, तक्रार क्रमांक भरायचा. तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि बिल जोडायचं. शेवटी ओटीपी येतो, म्हणून हे काम पाचव्या पायरीनंतर.

इथे घाई करू नका. १५ आकड्यांत एक चुकला तर अर्ज अडतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही आयएमईआय भरा. एकच भरला तर दुसऱ्या खाचेत सिम घालून फोन मजेत चालू राहील. तक्रारीचा फोटो मोबाइलने काढून तसाच चढवला तर फाइल मोठी होऊन अडकते. आधी लहान करून घ्या. माझा अर्ज पहिल्यांदा यातच अडकला होता.

अर्ज गेला की एक विनंती क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. साधारण २४ तासांत फोन भारतातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालेनासा होतो. वायफायवर मात्र चालू शकतो, हे ध्यानात ठेवा. त्या फोनमध्ये कुणी सिम घालून पाहिलं की त्याची नोंद यंत्रणेत होते आणि पोलिसांना माग मिळतो. सिम कुठलंही असो, ओळख आयएमईआयवरून पटते.

७. खात्यांची साफसफाई

नवं सिम जुन्या-पान्या फोनमध्ये घालून व्हॉट्सॲप नव्याने सुरू करा. त्याने चोरीच्या फोनवरचं बंद पडतं. मग ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही दिसलं तर काढा. ईमेलचा पासवर्ड सगळ्यात आधी बदला, कारण बाकीचे पासवर्ड त्याच दारातून बदलता येतात.

८. नंतर येणारे फोन आणि मेसेज

हा भाग मला कुणी सांगितला नव्हता. आठवड्याभराने मेसेज येतो: ‘तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथे लॉगिन करा.’ आयफोन गेलेल्यांना तर हमखास येतो. हा मेसेज चोराकडूनच येतो, त्याला तुमच्या खात्याचा पासवर्ड हवा असतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘फोन आमच्याकडे आहे, कुरिअरचे पैसे पाठवा.’ दोन्हींना उत्तर देऊ नका. फोन खरंच सापडला तर बोलावणं पोलीस ठाण्यातून येतं, आणि त्यासाठी कुठलंही लॉगिन लागत नाही.

९. फोन सापडलाच तर

माझा अजून आलेला नाही. माझ्या मेव्हण्याचा मात्र सहा महिन्यांनी आला, कोल्हापूरला. आनंदाने सिम घातलं तर नेटवर्कच नाही. त्याला वाटलं, फोन बिघडवला. बिघडलेला नव्हता, त्यानेच ब्लॉक केलेला होता! पोलिसांकडून फोन ताब्यात घेतल्यावर संचार साथीवर विनंती क्रमांक टाकून ‘सापडलेला मोबाइल अनब्लॉक करा’ हा अर्ज आपणच भरायचा असतो.

तोवर जुना फोन विकत घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी *#०६# दाबून त्याचा आयएमईआय काढा. मग मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम, मोकळी जागा आणि तो क्रमांक लिहून १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीतला असेल तर कळतं. विकणारा ‘कशाला उगाच’ म्हणाला तर फोन परत द्या आणि चालू लागा.

आज रात्री करायची कामं

- *#०६# दाबा आणि दिसणारे आकडे कागदावर उतरवा. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवणारे मी तीन जण पाहिलेत.
- गूगल खात्याचे बॅकअप कोड छापून पाकिटात ठेवा. दहा कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो.
- सिमला पिन लावा. कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्या. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि पीयूके कोड मागावा लागतो.
- बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर ओटीपी कुलूप न उघडताच वाचता येतो.
- अँड्रॉइडमध्ये ‘रिमोट लॉक’ आणि ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ (फोन हिसकावल्याचं जाणवलं की पडदा आपोआप बंद करणारं) चालू करा.
- कव्हरमधलं कार्ड काढा. आत्ताच.
- घरातल्या एकाचा तरी नंबर पाठ करा.

आमच्याकडे चार फोनचे आठ आयएमईआय आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या शेवटच्या पानावर आहेत, दुधाच्या हिशेबाच्या खाली. १ जानेवारीला ते नव्या कॅलेंडरवर उतरवायचं काम मुलीने घेतलंय, प्रत्येक फोनमागे दहा रुपये दराने.